धूळ जाते कुठे?

गालिचा शोभेसाठी असतो आणि उबेसाठीही असतो. पण ज्याच्यावर तो झाडायची वेळ येते त्याच्या लेखी ते धुळीचे कोठार असते. फरशीवरची धूळ डोळ्यांना दिसते आणि ओल्या फडक्याने निघते. गालिच्यावरची धूळ पायागणिक लवेत खाली उतरते आणि मुळाशी जाऊन बसते. वरून सारे स्वच्छ दिसते. खाली मात्र वाळूचे टोकदार कण प्रत्येक पावलाबरोबर लोकरीच्या धाग्यावर घासत राहतात आणि तो आतून कापत जातात. म्हणून गालिचा साफ करणे हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हता, तो वस्तू जगवण्याचाही प्रश्न होता.

घरकामाच्या अवजारांचा इतिहास हा माझा गेल्या काही वर्षांचा नाद आहे. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. पेटंटांबरोबर जोडलेली जुनी चित्रे, गृहिणींसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके आणि शहरांचे कायदे ही माझी साधने. गालिचा साफ करण्याच्या रीती ताडून पाहताना मी प्रत्येक रीतीला तीन प्रश्न विचारत गेलो. निघालेली धूळ जाते कुठे? हात कोणाचे लागतात? आणि गालिच्याला त्याची काय किंमत मोजावी लागते? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे शोधताना मला जे दिसले, ते या लेखात मांडतो.

फर्श आणि फरशी

आधी आपल्या घरातून निघू. फारसीत 'फर्श' म्हणजे अंथरलेली वस्तू, गालिचा. मराठीत त्याच शब्दाची 'फरशी' झाली आणि तिचा अर्थ दगड! अंथरुणाचे नाव जमिनीला मिळाले. दरबारी मराठीत मात्र मूळ अर्थ टिकून राहिला. अठरा कारखान्यांच्या यादीत फरासखाना येतो. तंबू, कनाती, जाजमे, गालिचे सांभाळण्याचे ते खाते. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'तही फर्राशखान्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. पुण्याचा फरासखाना आज पोलीस ठाण्यामुळे माहीत असतो, पण त्या नावात गालिचे अंथरणाऱ्या, झाडणाऱ्या आणि गुंडाळून ठेवणाऱ्या फरासाची स्मृती आहे.

यातून एक गोष्ट उघड होते. आपल्याकडे गालिचा दरबाराचा होता आणि तो झाडायला पगारी माणूस होता. सामान्य घरात सारवलेली जमीन, पुढे शहाबादी फरशी आणि बसायला सतरंजी किंवा घोंगडी. सतरंजीला लव नसते. दोघांनी चार टोके धरून अंगणात झटकली की काम झाले. म्हणून 'गालिचा कसा साफ करावा' हा प्रश्न मोठा झाला तो थंड देशांत, जिथे मध्यमवर्गानेही जमीन लोकरीने झाकून टाकली.

बडवणे

युरोप-अमेरिकेत सर्वांत रुळलेली रीत बडवण्याची. गालिचा उचलायचा, बाहेर नेऊन दोरीवर किंवा लोखंडी दांडीवर टाकायचा आणि वेत वळवून केलेल्या पसरट बडवण्याने पाठीमागून ठोकायचा. पाठीमागून, कारण लवेत रुतलेले कण ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने बाहेर पडतात. खोलवरचे कोरडे कण काढण्यात ही रीत आजही कमी प्रतीची नाही. फार जोराने ठोकले तर मात्र जुन्या गालिच्याचे ताणे तुटतात.

पण धूळ जाते कुठे? ती जाते बडवणाऱ्याच्या नाकातोंडात आणि शेजाऱ्याच्या खिडकीत. लंडनमध्ये हा त्रास इतका होता की १८३९च्या महानगर पोलीस कायद्यात रस्त्यावर गालिचा बडवणे किंवा झटकणे हा गुन्हा ठरवला गेला. सवलत होती ती फक्त पायपुसण्यांना, आणि तीही सकाळी आठच्या आत. कायदा करणाऱ्यांनी पायपुसण्यापर्यंत विचार केला, यावरून शहरात किती धूळ उडत असेल त्याची कल्पना येते.

पोलंडमध्ये याच कामाने शहररचनेत जागा मिळवली. इमारतींच्या सामाईक चौकात गालिचे टाकण्यासाठी लोखंडी चौकट उभारलेली असे. तिला तिथे 'त्शेपाक' म्हणतात. साम्यवादी काळात वाढलेल्या पिढ्यांना ती मुलांचे खेळायचे ठिकाण म्हणून आठवते, कारण गालिचे नसतील तेव्हा तिच्यावर मुले उलटी लटकत. बडवणे हे उघड्यावरचे, चारचौघांत होणारे काम होते हे लक्षात ठेवावे. त्याचा आवाज होत असे, ते सर्वांना दिसत असे, आणि गालिचा जड असल्याने ते एकट्याने होत नसे. घरातले पुरुष, मुले, गडी किंवा मजूर यांतले कोणी ना कोणी हाताशी लागेच.

चहाचा चोथा आणि फिरता कुंचा

वर्षातून एकदा-दोनदा बडवायचे, पण रोजचे काय? केरसुणी फिरवली की धूळ उडते आणि पुन्हा तिथेच बसते. यावरचा उपाय विलायती स्वयंपाकघरातून आला. वापरलेला चहाचा चोथा पिळून, ओलसर असतानाच गालिच्यावर पसरायचा आणि मग झाडायचे. ओल्या पानांना धूळ चिकटते आणि उडत नाही. इझाबेला बीटनच्या १८६१च्या गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध पुस्तकात चोथ्याचा हा उपयोग आहे. फिक्या रंगाच्या गालिच्यावर त्याचे डाग पडत, हा त्याचा दोष. शिवाय चोथा वरवरची धूळच पकडतो, मुळाशी बसलेल्या वाळूपर्यंत तो पोचत नाही.

तत्त्व मात्र पक्के होते. धूळ उडवायची नाही, पकडायची. तेच यंत्रात आणण्याचा यशस्वी प्रयत्न मेलव्हिल बिसेलने केला. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे तो आणि त्याची पत्नी अ‍ॅना काचसामान व चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवत. खोक्यांतून येणारा भुसा दुकानातल्या गालिच्यात अडकून बसे. बिसेलने १८७६मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात चाकांबरोबर गोल कुंचा फिरतो आणि केर आतल्या कप्प्यात टाकतो. वीज नाही, शोषण नाही. १८८९मध्ये मेलव्हिल वारल्यावर अ‍ॅनाने कंपनी हाती घेतली आणि ती देशाबाहेर नेली. हे यंत्र भुसा, दोरे, पावाचे कण छान उचलते. बारीक धूळ मात्र जिथल्या तिथे राहते. चोथ्याच्या जागी कप्पा आला, तरी मर्यादा तीच राहिली.

पाणी

गालिच्याचे माहेर असलेल्या इराणात उत्तर वेगळे होते, ते म्हणजे धुणे. तेहरानच्या दक्षिणेला रय येथे चश्मे-अली नावाचा झरा आहे. शेजारच्या कातळावर काजार राजा फतह अली शाहचे शिल्प कोरलेले आहे. या झऱ्यात गालिचे धुऊन त्याच उन्हाने तापलेल्या कातळावर वाळत घालण्याची रीत होती. वाहते पाणी घाण सोबत घेऊन जाते, तापलेला दगड खालून आणि ऊन वरून ओल काढते. गालिचा लवकर वाळणे फार महत्त्वाचे, कारण ओला राहिला तर सुती ताणा कुजतो.

नवरोझच्या आधी तिथे 'खाने-तकानी' करतात. शब्दशः अर्थ घर हलवणे, झटकणे. दिवाळीआधी माळे उतरवणाऱ्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही. धुण्याला तिथे धार्मिक प्रतिष्ठाही आहे. काशानजवळच्या मशहद-ए-अर्देहाल येथे दर शरद ऋतूत 'काली-शुयान', म्हणजे गालिचा धुण्याचा विधी होतो. इमाम मुहम्मद अल-बाकिर यांचे पुत्र सुलतान अली यांचा देह गालिच्यात गुंडाळून नेऊन दफन केला, अशी श्रद्धा आहे. त्या स्मरणार्थ एक गालिचा मिरवणुकीने ओढ्यावर नेतात आणि हातात काठ्या घेतलेले लोक तो प्रतीकात्मक रीतीने धुतात. युनेस्कोने २०१२मध्ये हा विधी अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. ज्या कामाला लंडनने गुन्हा ठरवले, त्याच्या जवळच्याच कामाचा इथे उत्सव होतो.

पाण्याची रीत एका अटीवर चालते. रंग पक्का हवा. मंजिष्ठेचा तांबडा, तुरटीसारख्या पदार्थांचा नीट संस्कार झालेला असेल तर, पाण्याला दाद देत नाही, आणि नीट चढलेला निळीचा निळाही देत नाही. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त अ‍ॅनिलीन रंग आले आणि ही अट मोडली. सुरुवातीचे हे रंग उन्हात विटत, पाण्यात पसरत. इराणच्या काजार सरकारला त्यांच्यावर बंदी घालावी लागली.

याच काळात हिंदुस्थानात तुरुंगांमध्ये गालिचे विणले जात होते. पुण्याजवळचा येरवडा त्यांपैकी एक. मुंबईत दीर्घकाळ काम केलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८०मधील आपल्या हिंदी कलाकुसरीवरील ग्रंथात तुरुंगातील गालिच्यांवर कडक टीका केली आहे. पण तुरुंगाचे सारेच काम हिणकस नव्हते. आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विणलेला प्रचंड अखंड गालिचा विंडसर किल्ल्यातील वॉटर्लू दालनात आजही आहे. १९९२च्या आगीत तो गुंडाळून बाहेर काढला म्हणून वाचला. त्याचे वजन सुमारे दोन टन. अशा वस्तूला ना ओढ्यावर नेता येते, ना दांडीवर टाकता येते. गालिचा धुळीपासून दूर नेता येईनासा झाला तेव्हा यंत्राला गालिच्याकडे यावे लागले.

फुंकर की शोषण?

पहिली यंत्रे फुंकणारी होती असे नाही. आयोवातील डॅनियल हेसने १८६०मध्ये भात्याने हवा ओढणाऱ्या झाडणीचे पेटंट घेतले होते. शिकागोच्या आयव्हज मॅकगॅफीने १८६९मध्ये हाताने फिरवायचे यंत्र काढले. एका हाताने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने यंत्र ढकलायचे, हे जमणे कठीण होते. १८९९मध्ये सेंट लुईसच्या जॉन थर्मनने उलटी वाट धरली. दाबलेल्या हवेचा झोत गालिच्यावर सोडायचा आणि उडालेली धूळ पेटीत जाईल असे पाहायचे.

अशाच फुंकणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक १९०१मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथने पाहिले. बूथ पूल आणि मोठाले फिरते पाळणे बांधणारा अभियंता. त्याने विचारले, हवा फुंकण्याऐवजी ओढत का नाही? ते अशक्य आहे, असे उत्तर मिळाले. काही दिवसांनी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहात त्याने मखमली खुर्चीच्या पाठीला तोंड लावून जोराने श्वास ओढला. ठसका लागून त्याचा जीव घाबरा झाला. पण रुमाल मध्ये धरून पाहिले तेव्हा त्याच्यावर काळा डाग उमटला होता. एवढ्या साध्या प्रयोगातून गाळणीचे महत्त्व सिद्ध झाले. हवा ओढणे अर्धे काम. ती ज्या कापडातून गाळायची, ते कापड उरलेले अर्धे.

बूथचे यंत्र घोडागाडीवर होते. ते रस्त्यावर उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. त्याच्या आवाजाने घोडे बुजतात म्हणून खटले झाले. १९०२मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतला अंथरलेला गालिचा या यंत्राने साफ केला आणि मग राजवाड्यांसाठी यंत्रे विकत घेतली गेली. पहिल्या महायुद्धात क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाच्या माणसांत तापाची साथ पसरली, तेव्हा बूथच्या १५ यंत्रांनी तिथून २६ टन धूळ काढल्याची नोंद आहे. धूळ आणि रोग यांचे नाते त्या पिढीच्या मनात रुजत होते.

घरगुती यंत्र मात्र एका झाडूवाल्याने केले. जेम्स मरे स्पँग्लर हा ओहायोतील कँटन गावी एका दुकानात साफसफाईचे काम करी. त्याला दमा होता. गालिचा झाडताना उडणारी धूळ त्याला सोसवत नसे. पंख्याची मोटर, लाकडी खोके, झाडूचा दांडा आणि पिशवी म्हणून उशीचा अभ्रा, एवढ्यावर त्याने १९०७मध्ये यंत्र बनवले. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले, क्रमांक ८,८९,८२३. त्या पेटंटचे चित्र मी अनेकदा पाहिले आहे. त्यात फिरता कुंचा आहे, पंखा आहे आणि मागे लोंबणारी पिशवी आहे. झाडणे, ओढणे, गाळणे या तिन्ही गोष्टी एका दांड्यावर आल्या आहेत. चामड्याच्या वस्तू करणाऱ्या विल्यम हूव्हरने ते हक्क घेतले, आणि ज्याच्या छातीतून हे यंत्र निघाले त्याचे नाव मागे पडून विकणाऱ्याचे नाव घरोघर गेले.

कोणाचे हात?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 'मोअर वर्क फॉर मदर' या १९८३च्या पुस्तकात दाखवले की घरगुती यंत्रांनी श्रम हलके केले, पण बाईच्या वाट्याचा वेळ वाचवला नाही. गालिच्याचे उदाहरण त्यात चपखल बसते. वर्षातून एक-दोनदा चार माणसांनी करायचे काम यंत्रामुळे दर आठवड्याला एकटीने करायचे काम झाले. अंगमेहनत कमी झाली, पण वारंवारता वाढली, स्वच्छतेची अपेक्षा वाढली, आणि पुरुषांची, मुलांची, मजुरांची मदत गळून पडली. काम अंगणातून दार लावलेल्या खोलीत गेले, म्हणजे दिसेनासे झाले. दिसेनासे झालेले काम 'यंत्रच करते' असे म्हणायला घरचे मोकळे होतात.

भारतात घरोघरी प्रात्यक्षिके देऊन व्हॅक्यूम क्लीनर विकण्याची पद्धत रुजवली ती १९८२मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्जने. विक्रेता दिवाणखान्यात गादीवर किंवा सोफ्यावर यंत्र फिरवून निघालेली धूळ पुढे ठेवी. बूथच्या रुमालाचाच तो खेळ. आपल्याकडे गालिचे थोडे, म्हणून यंत्राला गाद्या, पडदे आणि पंखे दाखवावे लागले.

आजच्या रीती, जुनीच तत्त्वे

२०व्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत जॉर्जियातील डाल्टन हे गाव यंत्रावर टाचलेल्या स्वस्त गालिच्यांचे केंद्र झाले. नायलॉनसारखे धागे आले, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवण्याची चाल पडली. तो बाहेर नेणे शक्यच नव्हते, म्हणून धुणेसुद्धा घरात आले. आज प्रचलित असलेल्या रीतींपैकी फेसाच्या शाम्पूने गालिचा तेवढ्यापुरता उजळतो, पण साबणाचा चिकट अंश मागे राहिला तर नवी धूळ अधिक वेगाने धरतो. 'स्टीम क्लीनिंग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रीतीत वाफ जवळपास नसतेच. गरम पाणी दाबाने सोडून लगेच ओढून घेतात. घाण टाकीत दिसते, म्हणून ही रीत प्रामाणिक. धोका अतिओलीचा, कारण तागाचा तळ असेल तर तपकिरी डाग वर येतात. तिसरी रीत ओलसर भुकटीची. पसरा, कुंच्याने चोळा, ओढून घ्या. पुडक्यावर नवे नाव असले तरी तत्त्व चहाच्या चोथ्याचेच आहे.

हाताने गाठी मारलेला लोकरीचा गालिचा घरी असेल तर क्रम जुनाच बरा. आधी तो पालथा करून पाठीवरून हलके ठोकावा, म्हणजे वाळू खाली पडते. मग दोन्ही बाजूंनी हलक्या ओढीने यंत्र फिरवावे. पाणी लावण्यापूर्वी पांढरे फडके ओले करून कोपऱ्यातल्या प्रत्येक रंगावर दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला तर पाण्याचे नाव काढू नये. सोडा किंवा कपडे धुण्याची तीव्र भुकटी लोकरीला मानवत नाही. कोरडी धूळ काढल्याशिवाय ओले काम करू नये, कारण धुळीचा चिखल होतो आणि तो मुळाशी मुरतो.

पहिल्या प्रश्नाला १९६४मध्ये नवे वळण मिळाले. नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या धुळीमुळे होणाऱ्या दम्याशी डोळ्यांना न दिसणाऱ्या धूळकिड्यांचा संबंध जोडला. मग लक्षात आले की कापडी पिशवीचे यंत्र जाड धूळ पकडते, पण सर्वांत बारीक, सर्वांत घातक कण मागून पुन्हा खोलीत सोडते. अणुबाँबच्या प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी विकसित झालेली सूक्ष्म गाळणी पुढे घरगुती यंत्रात आली ती यासाठी.

म्हणून रीतींची तुलना करताना 'कोणती रीत सर्वांत स्वच्छ' असे विचारून भागत नाही. बडवणे धूळ शेजाऱ्याला देते, धुणे ती नदीला देते, यंत्र ती पिशवीत ठेवते. धूळ नाहीशी कुठलीच रीत करत नाही, फक्त तिचा पत्ता बदलते. बदललेल्या पत्त्यावर कोणीतरी माणूस असतो. पूर्वी तो अंगणात वेत घेऊन उभा असलेला दिसत असे. आता पिशवी भरली की ती कचऱ्याच्या डब्यावर झटकणारी बहुधा घरकामाला येणारी बाई असते, आणि तिच्या नाकावर साधा रुमालही नसतो. यंत्र घेताना शोषणाची ताकद आपण विचारतो. पिशवी कोण रिकामी करणार, हेही त्याच वेळी ठरवावे, आणि शक्य असेल तर ती आपण स्वतः, उघड्यावर, तोंड बांधून रिकामी करावी. स्पँग्लरने उशीचा अभ्रा दांड्याला बांधला तो घर चकचकीत व्हावे म्हणून नव्हे, त्याला श्वास घ्यायचा होता म्हणून.